परदेशात उतरल्यावर पुढची ट्रेन की कोच? पहिल्या दिवसाच्या तिकिटाचं सगळं

लातूर, नांदेड, परभणी, बीड, संभाजीनगरकडची लई पोरं-पोरी आता जर्मनीला नाहीतर इंग्लंडला शिकायला जायलेत. व्हिसा, फी, बँकेचं लोन, जर्मनी असेल तर ब्लॉक्ड अकाउंट (तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून अडकवून ठेवलेलं खातं), ह्याची तयारी घरचे सगळे मिळून महिनोन्महिने करतात. पण विमान फ्रँकफर्टला किंवा लंडनच्या हीथ्रोला उतरल्यावर तिथून आपल्या कॉलेजच्या गावापर्यंत, म्हणजे आखन, माग्डेबुर्ग, डेगेनडॉर्फ, लेस्टर, कॉव्हेंट्री जिथं कुठं ॲडमिशन असेल तिथपर्यंत कसं जायचं, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत ठरलेलं नसतं आणि मग घाईघाईत जे सगळ्यात स्वस्त दिसेल ते तिकीट काढलं जातं. मी जर्मनीचं जास्त सांगणार आहे, कारण तिथले तिकिटाचे नियम नवीन माणसाला जास्त अडकवतात, इंग्लंडचं पण सोबत येईलच.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो. पहिल्या दिवसाचं तिकीट स्वस्त बघून घेऊ नका, सुटं बघून घ्या. सुटं म्हणजे एका ठरावीक गाडीला न बांधलेलं. नंतर तिथं राहायला लागल्यावर स्वस्तातली बांधलेली तिकिटं आरामात काढा, तेव्हा तुम्ही घरातून निघणार असता, इमिग्रेशनच्या लाइनीतून नाही.

पायरी १: विमानाचं तिकीट काढायच्या आधी नकाशा बघा

एजंट म्हणतो मुंबई-फ्रँकफर्ट स्वस्त आहे, घेऊन टाका. थांबा. आधी तुमचं कॉलेज कुठं आहे ते बघा आणि त्याच्या जवळचे दोन-तीन विमानतळ काढा. फ्रँकफर्ट विमानतळाचा मोठा फायदा असा की लांब पल्ल्याच्या आयसीई गाड्या थेट विमानतळाच्याच स्टेशनवरून सुटतात, कोलोन तिथून साधारण तासाभरात. म्युनिकच्या विमानतळावर आयसीई येत नाही, तिथून एस-बानने, म्हणजे शहराच्या लोकलने, शहरात जायला पाऊण तासाच्या आसपास लागतो आणि मग पुढची गाडी.

पण म्हणून म्युनिक वाईट असं नाही. डेगेनडॉर्फला जाणाऱ्यांनी तर म्युनिकच घ्यावं. विमानतळावरून लांड्सहूट मार्गे रेगेन्सबुर्गला एक रिजनल एक्सप्रेस, म्हणजे जवळच्या पल्ल्याची गाडी, जाते, तिनं लांड्सहूटला उतरायचं, तिथून प्लाटलिंग, आणि प्लाटलिंगहून डेगेनडॉर्फ. म्हणजे म्युनिक शहरात बॅगा घेऊन शिरायची गरजच नाही. ॲप कधी कधी शहरातून फिरवून नेतं, म्हणून नकाशा स्वतः बघा म्हणतो.

इंग्लंडचं पण तसंच आहे. सगळे हीथ्रो हीथ्रो करतात, पण कॉलेज मँचेस्टर, लीड्स, शेफील्डकडं असेल तर दुबई-दोहा मार्गे थेट मँचेस्टरला उतरता येतं, बर्मिंगहॅमलाही विमानतळ आहे. विमानाला पाच-सात हजार जास्त गेले तरी पुढचे तीन-चार तास आणि तिकीट वाचतं, दोन्ही मिळून हिशोब करा.

नांदेड, देगलूर, उदगीर, लातूरकडच्यांनी हैदराबाद पण बघा. मुंबईपेक्षा जवळ पडतं, आणि तिथून फ्रँकफर्टला लुफ्तहान्साची थेट फ्लाइट जानेवारी २०२४ पासून सुरू झालेली आहे, ब्रिटिश एअरवेजची हीथ्रोला थेट आहे. मुंबईला जायला एक रात्र ट्रॅव्हल्समध्ये घालवून मग परत रात्रभर विमान, असं केल्यावर तिकडं उतरतानाच माणूस गळालेला असतो आणि दमलेल्या माणसाला स्टेशनवरची बोर्डं वाचवत नाहीत.

वार पण बघून घ्या. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, ऑफिसं बंद, होस्टेलची चावी देणारा माणूस भेटत नाही. सोमवार ते गुरुवार सकाळी उतरणारी फ्लाइट सगळ्यात चांगली, काही बिघडलं तरी पुढं अख्खा दिवस हातात असतो. इंग्लंडमध्ये २५ डिसेंबरला ट्रेन चालतच नाहीत आणि २६ ला पण जवळजवळ नसतात, जानेवारीच्या इनटेकवाल्यांनी लवकर जायचं ठरवलं तर हे लक्षात असू द्या.

पायरी २: उतरणं आणि गाडी, ह्याच्यात किती वेळ सोडायचा

तीन तास. दोन तासात झालं तर बसून चहा-कॉफी प्या, पण गाडी तीन तासांनंतरची धरा. विमान टेकल्यावर दार उघडायला वेळ, चालत इमिग्रेशनला वेळ, तिथं सकाळी एकाच वेळी पाच-सहा मोठी विमानं आलेली असली की लाइन वाढत जाते, मग बॅगा, मग कस्टम. आईनं डब्यात काय भरलंय ते पण विचारून घ्या. युरोपियन युनियनमध्ये आणि ब्रिटनमध्ये आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा हे नाही. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, काळा मसाला चालेल, नीट पॅक करून. तुपाची बरणी सापडली तर ती तर जाईलच, वरून तुमचा अर्धा-पाऊण तास पण जाईल.

वेळेचा हिशोब करताना तिथली वेळ धरा. विमानाच्या तिकिटावर उतरायची वेळ तिथलीच लिहिलेली असते, तिच्यात परत साडेतीन-साडेचार तास मिळवायचे नसतात. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागं आणि हिवाळ्यात साडेचार, इंग्लंड साडेचार आणि साडेपाच. घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, ऑक्टोबरच्या शेवटी जाणाऱ्यांनी हे नक्की बघावं.

पायरी ३: ट्रेन की कोच

इथं सगळा खेळ बॅगांचा आहे. विमानात तुम्हाला बहुतेक २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. कोचमध्ये, म्हणजे आपल्या ट्रॅव्हल्ससारख्या लांबच्या बसमध्ये, बॅगेला साधारण २० किलोची मर्यादा असते आणि फ्लिक्सबस ह्या कोच कंपनीच्या तिकिटात तर खाली ठेवायची एकच मोठी बॅग आणि वर ७ किलोची हँडबॅग येते, दुसऱ्या मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे आणि ते आधीच बुक करायचे. आपल्याकडं क्लीनरला सांगून डिकीत अजून एक पोतं टाकता येतं, तिथं ड्रायव्हर नाही म्हणाला की नाही. म्हणून कोचचं तिकीट ८ युरोला दिसलं तरी बॅगेचे पैसे धरून बघा.

ट्रेनमध्ये बॅग कोणी मोजत नाही, पण हमाल पण नाही. सगळं स्वतः चढवायचं, स्वतः उतरवायचं, आणि गाडी बदलायची असेल तर प्लॅटफॉर्मही स्वतःच बदलायचा, लिफ्ट बंद असेल तर जिन्यानं.

माझा सल्ला असा. इंग्लंडमध्ये हीथ्रोवरून तुमच्या शहराला थेट कोच असेल तर पहिल्या दिवशी कोच घ्या. नॅशनल एक्सप्रेस ह्या कोच कंपनीच्या बसा टर्मिनल २ आणि ३ च्या मधल्या सेंट्रल बस स्टेशनवरून आणि टर्मिनल ५ वरून सुटतात, बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, लेस्टर, नॉटिंगहॅमकडं जातात. ट्रेनपेक्षा वेळ जास्त लागतो पण एकदा बॅग खाली टाकली की उतरेपर्यंत हात लावायचा नाही, आणि लंडनमधून दोन मोठ्या बॅगा घेऊन जायचं टळतं. नॅशनल एक्सप्रेसचं पण बदलता येणारं तिकीट मिळतं, थोडं महाग, तेच घ्या. जर्मनीत उलट, तिथं विमानतळावरूनच ट्रेन आहे म्हणून ट्रेन घ्या आणि एकदाच बदलावी लागेल असा रस्ता शोधा, मग तो अर्धा तास जास्त लागणारा असला तरी चालेल.

पायरी ४: तिकिटाचे प्रकार, इथं घाई करू नका

जर्मनीत डॉइच बानचं, म्हणजे तिथल्या रेल्वेचं, ॲप आहे, डीबी नॅव्हिगेटर, इंग्रजीत चालतं. त्यात एकाच गाडीला तीन तऱ्हेचे भाव दिसतात.

सुपर स्पारप्राइस सगळ्यात स्वस्त. ज्या गाडीचं काढलं त्याच गाडीनं जायचं आणि पैसे परत मिळत नाहीत. स्पारप्राइस थोडं महाग, ते पण गाडीला बांधलेलं, कॅन्सल करता येतं पण काही रक्कम कापून आणि ते सुद्धा प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंतच. म्हणजे उतरायच्या दिवशी विमान लेट झालं तर त्या कॅन्सलेशनचा उपयोग शून्य. तिसरं फ्लेक्सप्राइस, महाग, कधी कधी दुपटीच्या वर, पण त्या दिवशी त्या रस्त्याच्या कोणत्याही गाडीत बसा.

आता नियमातली मेख नीट वाचा. ट्रेन लेट होणार असेल आणि तुम्ही मुक्कामाच्या स्टेशनला २० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असाल तर स्वस्त तिकिटाचं बंधन आपोआप सुटतं, मग दुसरी गाडी धरता येते. पण हे फक्त रेल्वेमुळं उशीर झाला तर. तुमचं विमान लेट झालं, इमिग्रेशनला दोन तास गेले, बॅग आली नाही, ह्याच्याशी रेल्वेला काही देणंघेणं नाही, तिकीट गेलं ते गेलं, आणि मग काउंटरवर त्याच दिवसाचं पूर्ण भावाचं तिकीट काढावं लागतं. वीस-पंचवीस युरो वाचवायला जाऊन शंभरच्या वर जाणारी पोरं दर सीझनला दिसतात, आणि ते पण पहिल्याच दिवशी, खिशात मोजके पैसे असताना. वाईट वाटतं बघून.

फ्लेक्सप्राइस परवडत नसेल तर तीन रस्ते आहेत.

एक, फ्लाइटसोबतच ट्रेन घ्या. लुफ्तहान्सा कोलोन, स्टुटगार्ट, ड्युसेलडॉर्फ अशा शहरांसाठी ट्रेनचा टप्पा फ्लाइट नंबर देऊन विकते, त्याला एक्सप्रेस रेल म्हणतात. एकाच बुकिंगमध्ये असल्यामुळं विमान लेट झालं तर पुढच्या ट्रेनमध्ये बसवायची जबाबदारी त्यांची. रेल अँड फ्लाय असंही एक असतं, विमानाच्या तिकिटासोबत मिळणारं ट्रेनचं तिकीट, बऱ्याच एअरलाइन देतात. एजंटला हे दोन्ही शब्द सांगून विचारा, स्वतःहून सांगत नाहीत.

दोन, फक्त रिजनल गाड्यांनी जा. रिजनल गाडीच्या साध्या तिकिटाला गाडी बांधलेली नसते. राज्याराज्याची दिवसभराची तिकिटं असतात, बायर्न टिकेट त्यातलं नावाजलेलं, बव्हेरियाभर रिजनल गाड्यांत चालतं, सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर आणि शनिवार-रविवारी मध्यरात्री १२ पासून, पाच जण मिळून पण काढता येतं. दोघं-तिघं एकाच फ्लाइटनं चालले असाल तर लई स्वस्त पडतं. वर सांगितलेल्या डेगेनडॉर्फच्या रस्त्याला हेच तिकीट घ्या.

तीन, स्वस्त तिकीटच घ्यायचं असेल तर उतरल्यावर, बॅगा हातात आल्यावर, विमानतळाच्या वायफायवर बसून घ्या. गाडी सुटायच्या अर्धा तास आधी सुद्धा कधी कधी स्पारप्राइस शिल्लक असतं, पण ह्याची खात्री कोणी देत नाही, म्हणून हा रस्ता शुक्रवार-रविवारच्या गर्दीत नको.

डॉइचलांडटिकेटचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मे २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ पासून ६३. महिन्याचं आहे, देशभरातल्या रिजनल गाड्या, मेट्रो, बस सगळ्यात चालतं, पण आयसीई आणि आयसी ह्या लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये चालत नाही. आणि ते सबस्क्रिप्शन आहे, दर महिन्याला पैसे कापत राहतं, बंद करायचं तर साधारण त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत. बऱ्याच युनिव्हर्सिटी सेमिस्टरच्या फीमध्येच हे तिकीट देतात, पण ते एनरोलमेंट झाल्यावर हातात येतं, पहिल्या दिवशी त्याच्या भरवशावर गाडीत बसू नका. विनातिकीट सापडलं तर दंड ६० युरो, आणि नवीन आलोय म्हणून कोणी सोडत नाही.

इंग्लंडमध्ये तेच, नावं वेगळी. ॲडव्हान्स म्हणजे बांधलेलं, पैसे परत नाहीत, फक्त गाडी सुटायच्या आधी फी भरून बदलता येतं. ऑफ-पीक म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून कोणतीही गाडी. एनीटाइम म्हणजे कधीही, आणि तेच सगळ्यात महाग. उतरायच्या दिवशी ऑफ-पीक घ्या, भारतातून येणारी विमानं सकाळी उतरली तरी तुम्ही लंडनच्या स्टेशनवर पोचेपर्यंत सकाळची पीक वेळ बहुतेक संपलेली असते. वय १६ ते २५ असेल तर रेलकार्ड आधीच ऑनलाइन काढा, ३५ पाउंडाला वर्षभर, तिकिटावर एक तृतीयांश सूट. २६ च्या वरचे फुल-टाइम विद्यार्थी पण ते काढू शकतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी १० च्या आत किमान भाड्याची अट असते, तेवढं बघा.

पायरी ५: प्रत्यक्ष बुकिंग

भारतात असतानाच ॲप टाका, अकाउंट उघडा, आणि एकदा पेमेंटच्या पानापर्यंत जाऊन बघा. यूपीआय तिथं विसरा. रुपे कार्ड त्या साइटवर बहुतेक चालत नाही, व्हिसा नाहीतर मास्टरकार्ड पाहिजे. २०२० पासून बँका नवीन कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार बंद ठेवूनच देतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचं असतं, चालू केल्यावर लिमिट पण वाढवा. ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, म्हणून ते सिम फोनमध्ये राहू द्या आणि रोमिंग चालू करून घ्या. हे काहीच जमलं नाही तर घरी दादा किंवा ताईच्या कार्डावरून तिकीट काढून पीडीएफ व्हॉट्सॲपवर मागवता येतं, फक्त प्रवाशाचं नाव तुमचंच पाहिजे, पासपोर्टवर जसं आहे तसं, स्पेलिंगसकट. चेकर पासपोर्ट मागतो.

इंग्लंडमध्ये ट्रेनलाइन ह्या तिकिटांच्या साइटवर बुकिंग फी लागते. तीच तिकिटं रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर फीशिवाय मिळतात, आणि कोणत्याही एका कंपनीच्या साइटवर बाकीच्या कंपन्यांची तिकिटं पण काढता येतात.

सीटचं वेगळं प्रकरण आहे. आपल्या देवगिरी एक्सप्रेसचं कन्फर्म तिकीट म्हणजे डबा नंबर, बर्थ नंबर सगळं आलं. जर्मनीत सेकंड क्लासचं तिकीट म्हणजे फक्त गाडीत चढायचा हक्क, सीट पाहिजे तर पाच-साडेपाच युरो वेगळे. वेटिंग, आरएसी असलं काही नाही, तिकीट असलं की चढा, जागा नसली तर उभं राहा. पहिल्या दिवशी सुटं तिकीट घेतलं असेल तर कोणती गाडी नक्की धरणार ते कळल्यावर, म्हणजे बॅगा मिळाल्यावर, सीट रिझर्व्ह करा.

तिकीट काढायच्या आधी त्या तारखेला लाइन चालू आहे का ते बघा. जर्मनीत मोठ्या लाइनी दुरुस्तीसाठी महिनोन्महिने बंद ठेवतात, २०२४ मध्ये फ्रँकफर्ट-मानहाइमची रीडबान जुलै ते डिसेंबर पूर्ण बंद होती. इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारी काम काढतात आणि ट्रेनच्या जागी बस देतात, दोन मोठ्या बॅगा असतील तर असा दिवस टाळा.

पायरी ६: उतरल्यावर

फ्रँकफर्ट विमानतळावर दोन स्टेशनं आहेत. टर्मिनल १ च्या खाली रिजनल स्टेशन, प्लॅटफॉर्म १ ते ३, इथून शहरात जाणाऱ्या एस-बान आणि रिजनल गाड्या. लांब पल्ल्याचं स्टेशन वेगळं, फेर्नबानहोफ लिहिलेलं, प्लॅटफॉर्म ४ ते ७. आयसीईचं तिकीट असेल तर तिकडं जायचं, पाट्या आहेत, चालत जाता येतं.

प्लॅटफॉर्म बदलतात आणि ते शेवटच्या दहा मिनिटात बदलतात. बोर्ड बघत राहा, अनाउन्समेंट झाली आणि लोकं अचानक चालायला लागली तर कोणालाही विचारा. प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी अशी अक्षरं असतात, तुमचा डबा कोणत्या अक्षरासमोर येणार ते ॲपमध्ये दिसतं, तिथंच बॅगा घेऊन उभं राहा कारण गाडी दोन-चार मिनिटंच थांबते. काही आयसीई रस्त्यात दोन तुकडे होऊन दोन शहरांना जातात, डब्याच्या बाहेरच्या डिस्प्लेवर तुमच्या शहराचं नाव आहे का ते वाचूनच चढा.

गाडी बदलायची असेल तर ॲप सहा-आठ मिनिटांचं कनेक्शन दाखवतं. ते घेऊ नका. २०२४ मध्ये डॉइच बानच्या लांबच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते वेळेवरच धरतात. ॲपमध्ये बदलायचा वेळ वाढवायचं सेटिंग आहे, ते निदान ३० मिनिटं करा.

हीथ्रोवर, लंडन मार्गे ट्रेननं जाणाऱ्यांनी आपली गाडी लंडनच्या कोणत्या स्टेशनवरून सुटते ते बघावं, कारण लंडनला एक मोठं स्टेशन नाही. बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, मँचेस्टर यूस्टनहून, लीड्स, न्यूकॅसल किंग्ज क्रॉसहून, लेस्टर, शेफील्ड शेजारच्या सेंट पँक्रसहून. किंग्ज क्रॉस-सेंट पँक्रसला हीथ्रोवरून मेट्रोची पिकॅडिली लाइन थेट जाते, तासभर लागतो पण बदलायची गरज नाही. हीथ्रो एक्सप्रेस १५ मिनिटात नेते ते पॅडिंग्टनला, तुमचं काम तिथं नसेल तर त्या महागड्या तिकिटाचा उपयोग नाही. मेट्रोत कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप करून जाता येतं, ज्या कार्डानं आत गेलात त्याच कार्डानं बाहेर या, आणि दोघांत एक कार्ड चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं पाहिजे.

पायरी ७: गाडी चुकली किंवा लेट झाली तर

रेल्वेमुळं लेट झाली असेल तर ॲपमधल्या उशिराच्या नोटीसचा स्क्रीनशॉट काढा आणि पुढच्या गाडीत बसा, चेकरला तो दाखवा. नंतर पैसे मागायचे. जर्मनीत ६० मिनिटांच्या वर उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, १२० च्या वर ५० टक्के, अर्ज ॲपमधूनच तीन महिन्यांच्या आत. इंग्लंडमध्ये डिले रिपे म्हणतात, बऱ्याच कंपन्या १५ मिनिटांच्या उशिरापासून देतात, तिथं मुदत २८ दिवसांची. पैसे बँकेत येतात, म्हणून तिथलं अकाउंट उघडल्यावर अर्ज केला तरी चालतं, फक्त तिकिटाची पीडीएफ तोपर्यंत डिलीट करू नका.